चौकटीमागचा मजकूर

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. जमिनीच्या वाटण्या, कुळाचे दावे, सामाईक विहिरीवरचा हक्क, वारसनोंदी अशा प्रकरणांत हात पोळलेल्यांनी ती पुढच्यांना इशारा म्हणून दिली. आता त्याच घरांच्या दिवाणखान्यात कोर्ट येऊन बसले आहे. या खेपेस ते समन्सच्या रूपाने आलेले नाही, चित्राच्या रूपाने आले आहे. फिकट तपकिरी कागद, बारीक रेषांत कोरलेले मनोरे, खाली इंग्रजी वळणदार अक्षरांत इमारतीचे नाव, भोवती काळी चौकट आणि वर सोडलेला पिवळा दिवा. ‘व्हिंटेज प्रिंट’ या नावाने ही वस्तू विकली जाते आणि तिचा लाडका विषय म्हणजे जुन्या न्यायालयांच्या इमारती. त्यातही आपल्याकडे पहिला मान मुंबई उच्च न्यायालयाचा.

वटारला राहून रोज नालासोपाऱ्याहून लोकल पकडणाऱ्या माणसाला या चित्रांचा प्रवास डोळ्यांसमोर दिसतो. आधी ती मुंबईतल्या नामवंत वकिलांच्या दालनात होती. मग वसईतल्या वकिलांच्या कार्यालयात आली. नंतर विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींतल्या सदनिकांत, किनाऱ्यालगतच्या रिसॉर्टांच्या जेवणघरांत आणि आता महाविद्यालयांच्या स्वागतकक्षांतही ती दिसतात. या लेखात मला या आवडीशी भांडायचे आहे. माझा आक्षेप असा: न्यायालयाचे जुने चित्र ज्या रीतीने आपण भिंतीवर लावतो, त्या रीतीने आपण न्यायालयातून माणूस, भाषा आणि निकाल या तिन्ही गोष्टी काढून टाकतो. उरतो तो केवळ दगडाचा रुबाब. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तरी हा व्यवहार मुकाट्याने मान्य करू नये.

प्रथम ही चित्रे कशी तयार होतात ते पाहू. एकोणिसाव्या शतकातली बहुतेक छापचित्रे भिंतीसाठी काढलेलीच नव्हती. ती पुस्तकांत आणि नियतकालिकांत होती. १८४२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’सारख्या सचित्र साप्ताहिकांत लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे मजकुराच्या सोबतीने येत. प्रवासवर्णनांत पोलादी पत्र्यावर कोरलेली किंवा शिळाछापाची चित्रे असत. चित्र हे मजकुराचे भावंड होते. जुन्या बाजारात मात्र अखंड पुस्तकापेक्षा सुटी पाने विकणे अनेकदा अधिक फायद्याचे ठरते. म्हणून पुस्तक उसवले जाते, चित्रांची पाने निवडली जातात, काहींवर नव्याने हाताने रंग चढवला जातो आणि उरलेला मजकूर रद्दीत जातो. साप्ताहिकाचे पान असेल तर त्याच्या पाठीवर बहुधा छापील स्तंभ असतात. चित्र पुठ्ठ्यावर चढते तेव्हा ते स्तंभ कायमचे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. आपण ज्याला सजावट म्हणतो ती अक्षरशः मजकुराला पाठीमागे टाकून सिद्ध झालेली असते.

आज विकली जाणारी बहुसंख्य चित्रे तर मूळ पानेही नसतात. संगणकावर साठवलेल्या प्रतिमेची नवी छपाई करून तिला जुनेपणाचा रंग दिलेला असतो. अशा चित्राला पाठच नसते. मूळ पान निदान उलटून वाचता तरी येत होते.

आता चित्राच्या पुढल्या बाजूकडे वळू. मुंबईत उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले, पण आज चित्रांत दिसणारी इमारत त्यानंतरची. कर्नल जेम्स फुलर यांनी तिचा आराखडा केला. १८७१ साली काम सुरू झाले, १८७८ साली पुरे झाले आणि जानेवारी १८७९ मध्ये तिथे कामकाज सुरू झाले. लांबी ५६२ फूट. मंजूर अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा होता आणि प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८ रुपये झाला. म्हणजे २,६६८ रुपये वाचले. सरकारी बांधकामाच्या इतिहासात ही गोष्ट कोरून ठेवण्याजोगी आहे, याबद्दल दुमत नसावे.

ही इमारत चित्रात जवळजवळ नेहमी पश्चिमेकडून, म्हणजे ओव्हल मैदानाच्या बाजूने दिसते. पुढे मोकळे गवत, मागे दोन अष्टकोनी मनोरे आणि त्यांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती. मूळ रचनेत या मनोऱ्यांच्या पोटात न्यायाधीशांसाठी खासगी जिने होते. मुख्य जिना पूर्वेच्या बाजूला आहे. ज्या पायरीवर शहाण्याने चढू नये असे आपली म्हण सांगते, ती सामान्य पक्षकाराची पायरी या लोकप्रिय चित्रात येतच नाही. चित्रकाराने कपट केले असे मला म्हणायचे नाही. त्याने देखणी बाजू निवडली, एवढेच. पण ती देखणी बाजू न्याय देणाऱ्यांच्या वाटेची आहे, न्याय मागणाऱ्यांच्या वाटेची नाही, हे चित्र विकत घेणाऱ्याने ओळखायला हवे.

आणखी एक गोष्ट या चित्रांत दिसत नाही. इमारतीच्या दगडी कोरीवकामात एक माकड आहे. त्याच्या हातात तराजू आहे आणि एका डोळ्यावर पट्टी आहे. वकिलाचे गळपट्टे ल्यालेला कोल्हाही तिथेच कोरलेला आहे. कंत्राटाच्या भांडणातून कुणीतरी हा सूड उगवला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा खोटी, दगडातला विनोद खरा आहे. न्यायालयाच्याच अंगावर न्यायालयाची थट्टा कोरलेली आहे आणि सुमारे दीडशे वर्षे ती तशीच राहू दिली आहे. मैदानापलीकडून काढलेल्या चित्रात ती मावत नाही. वास्तूने स्वतःवर केलेली टीका वगळून आपण वास्तूचा केवळ भारदस्तपणा घरी आणतो.

यावर पहिला प्रतिवाद वारशाचा येईल. ही इमारत २०१८ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत, व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून, समाविष्ट आहे. तिचे चित्र लावणे हा अभिमान आहे, त्यात गैर काय? गैर काहीच नाही, पण अभिमान नेमका कशाचा ते सांगा. त्या इमारतीत काय घडले हे ठाऊक नसताना तिचा अभिमान बाळगणे म्हणजे पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून परीक्षण लिहिणे होय.

तिथे काय घडले याची दोनच उदाहरणे देतो. पहिले रखमाबाईंचे. बालपणी झालेला विवाह मानण्यास आणि पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात टिकला नाही आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांचा कारावास भोगा असा आदेश दिला. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई वैद्यकशास्त्र शिकायला इंग्लंडला गेल्या आणि परतून त्यांनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. ज्या मनोऱ्यांचे चित्र आपण सोफ्याच्या वर लावतो त्यांच्या आत एका बाईला नवऱ्याकडे किंवा तुरुंगात यांतून निवड करायला सांगितले गेले होते. चित्रातली दयेची मूर्ती तेव्हाही मनोऱ्यावर उभीच होती.

दुसरे उदाहरण टिळकांचे. १८९७ चा आणि १९०८ चा राजद्रोहाचा खटला याच वास्तूत चालला. १९०८ चा खटला मराठीच्या विद्यार्थ्याने खास वाचावा असा आहे, कारण तो बऱ्याच अंशी भाषांतराचा खटला होता. ‘केसरी’तील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख मराठीत होते, न्यायालय इंग्रजीत चालत होते आणि नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मराठी शब्दांना इंग्रजीत जी छटा दिली गेली ती चुकीची आहे, हे टिळकांनी स्वतः उभे राहून सांगितले. त्यांचे भाषण सुमारे एकवीस तासांचे झाले. ज्युरीने सात विरुद्ध दोन अशा मताने दोषी ठरवले आणि २२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. शब्दाचा अर्थ कोण ठरवणार, हा जो प्रश्न आपण वर्गात परीक्षेपुरता शिकवतो, त्याच प्रश्नापायी एका संपादकाला मंडालेला जावे लागले.

ही दोन्ही उदाहरणे मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. कारण रखमाबाईंच्या खटल्यात टिळक आणि त्यांचा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात उभे होते. वारसा म्हणतात तो असा गुंतागुंतीचा असतो. तो एका सुबक चित्रात मावत नाही, त्याला वाक्ये लागतात. आणि हे प्रत्यक्ष उच्च न्यायालयाला आपल्याआधी कळले होते. १९५६ साली टिळकांनी शिक्षा ऐकण्यापूर्वी काढलेले उद्गार कोरलेला फलक ज्या दालनाजवळ तो खटला चालला तिथे लावण्यात आला आणि त्याचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केले. ज्या संस्थेने शिक्षा दिली तिने आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर लावले. न्यायालयाने आपल्या भिंतीवर मजकूर लावला आणि आपण आपल्या भिंतीवर न्यायालयाचा दर्शनी भाग लावला. यांपैकी वारसा कुणाला समजला, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

दुसरा प्रतिवाद विरुद्ध टोकाकडून येईल. ही साहेबाची इमारत आणि साहेबाची चित्रे, तेव्हा ती उतरवूनच टाका, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याच्याशीही माझे पटत नाही. इमारतीचा आराखडा साहेबाचा असला तरी दगड इथला होता आणि इथल्या गवंड्यांचे कष्ट त्यात मुरले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे बोलले गेलेले शब्द आपले आहेत. दावा, वकीलपत्र, कैफियत, जबानी, मुचलका, तहकूब, हुकूमनामा हे शब्द तर साहेबाच्याही आधीपासून मराठीत नांदत आहेत. फारसी-अरबीतून येऊन ते मराठीच्या अंगाखांद्यावर वाढले. ‘कैफियत’ या शब्दाने कचेरीतून निघून कवितेपर्यंत मजल मारली. चित्र उतरवल्याने हा शब्दसंसार परत मिळणार नाही. तो मिळेल तो वाचनाने. चित्र उतरवणारा आणि चित्र मिरवणारा, दोघेही वाचायचे कष्ट टाळतात. म्हणून ते एकमेकांचे विरोधक वाटले तरी एकाच बाकावर बसलेले आहेत.

तिसरा प्रतिवाद मला सर्वांत गंभीर वाटतो. घर म्हणजे वर्ग नव्हे. भिंतीवरच्या प्रत्येक वस्तूने बोध केलाच पाहिजे हा अट्टहास कशासाठी? फुलाचे चित्र लावताना कुणी वनस्पतिशास्त्र विचारत नाही. हे म्हणणे फुलाच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. पण फूल कुणाला शिक्षा सुनावत नाही. सत्ता चालवणाऱ्या वास्तूचे चित्र निव्वळ शोभेचे राहत नाही, ते त्या सत्तेचा धाक आणि दिमाख उसना आणते. वकिलाच्या कार्यालयात ते चित्र पक्षकाराच्या खुर्चीसमोर असते. शेताच्या बांधावरून आलेला माणूस त्या मनोऱ्यांकडे पाहत आपली हकीगत सांगतो आणि सांगता सांगता त्याचा आवाज खाली येतो. चित्र निरुपद्रवी असते तर त्या खुर्चीसमोर लावले गेलेच नसते.

साहित्याने हा फरक केव्हाच ओळखला आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये न्यायालयाची इमारतच नाही. गावातला एक सभागृहवजा दिवाणखाना, काही खुर्च्या आणि वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला, एवढ्या सामग्रीवर बेणारे बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. न्यायालय उभे करायला मनोरे लागत नाहीत, न्याय करायला बसलेली माणसे पुरतात, हे त्या नाटकाने दाखवले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटातले न्यायालयही कुणाला भिंतीवर लावावेसे वाटणार नाही. कळकट भिंती, फायलींचे ढीग, तारखांमागून तारखा. ही दोन्ही न्यायालये देखणी नाहीत आणि म्हणूनच ती खरी आहेत.

न्यायपीठाचे जुने चित्र आणि आरोपीचा शब्द एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण आपल्या वसईच्या इतिहासालाच लागून आहे. सतराव्या शतकात डेलॉन नावाच्या फ्रेंच वैद्याला पोर्तुगीजांच्या दमणमध्ये धर्मन्यायपीठाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, हुकमावरून पकडण्यात आले. गोव्याला नेताना वाटेत त्याला वसईच्या तुरुंगातही ठेवले होते. गोव्यात शिक्षा झाली, सुटका झाली आणि १६८७ साली त्याने आपल्या अनुभवाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या सचित्र आवृत्त्यांत शिक्षा झालेल्यांच्या मिरवणुकीची खोदचित्रे आहेत. ती चित्रेही जुनी आहेत, बारीक रेषांची आहेत, बाजारातल्या व्याख्येप्रमाणे ‘व्हिंटेज’ आहेत. पण त्यांत न्यायपीठ आरोपीच्या नजरेतून दिसते आणि शेजारच्या पानावर आरोपी बोलत असतो. तीच चित्रे पुस्तकातून उसवून एखाद्या उपाहारगृहात लावली तर केवळ विचित्र पोशाखांची एक रांग उरेल. फरक चित्रात नाही, सोबत आहे किंवा नाही यात आहे.

आता आमच्या गावाकडे. वटार, निर्मळ, आगाशी हा वसईचा पश्चिमेचा पट्टा विहिरींचा, केळीच्या वाड्यांचा आणि भाजीफुलांचा. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावे वगळावीत म्हणून इथे मोठे आंदोलन उभे राहिले. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो उच्च न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. २०२४ मध्ये शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय घेतला. गावे आत असावीत की बाहेर, हा इथला विषय नाही. मुद्दा असा की या पट्ट्यातल्या एका संपूर्ण पिढीसाठी उच्च न्यायालय म्हणजे मनोरे नव्हते, पुढची तारीख होती. आंदोलनात उतरलेले काही जण ती तारीख संपण्याआधीच गेले. त्यांच्या निवेदनांच्या कार्बन प्रती, सभांची पत्रके, अर्ज आणि वृत्तपत्रांची कात्रणे आजही काही घरांत पत्र्याच्या पेटीत असतील. त्याच गावात नवे घर बांधून कुणी दर्शनी भिंतीवर उच्च न्यायालयाचे तपकिरी चित्र लावतो आणि ती पेटी माळ्यावर किंवा रद्दीवाल्याकडे जाते, तेव्हा पुस्तक उसवणाऱ्या दुकानदाराचेच काम आपण आपल्या हाताने करत असतो.

हा वाद आजच घालण्याचे कारणही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वांद्रे पूर्व येथे उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी झाली. कामकाज तिकडे जाईल तेव्हा ओव्हलसमोरची वास्तू अधिकाधिक चित्रवत होत जाईल. पक्षकाराची वर्दळ ओसरलेली वास्तू पर्यटकाला फार आवडते. तेव्हा आत काय बोलले गेले हे सांगण्याची जबाबदारी दगडावर टाकून चालणार नाही. ती वाचणाऱ्यांवर येते.

चित्रे उतरवा असे मी म्हणत नाही. लावा, पण एकटी लावू नका. शेजारी एका निकालाचे पान असू द्या, रखमाबाईंच्या किंवा टिळकांच्या खटल्याचे चार ओळींचे टिपण असू द्या, नाहीतर आपल्याच आजोबांच्या दाव्यातली मोडीत लिहिलेली कैफियत असू द्या. ज्या महाविद्यालयांच्या स्वागतकक्षात हे चित्र आहे तिथल्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकडून त्याखाली लावायला मराठी मजकूर लिहून घ्यावा. एका सत्राचे ते चांगले प्रकल्पकार्य होईल आणि न्यायालयीन मराठीचा अभ्यासही होईल. १९९८ पासून महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून मराठी घोषित झालेली आहे, तरी ती भाषा वाचायला आपण किती विद्यार्थ्यांना शिकवतो?

आणि हातात खरोखर जुने पान आले तर ते पुठ्ठ्यावर चिकटवण्याआधी एकदा उलटून पाहा. मागे काही छापलेले असेल तर आधी ते वाचा. चौकट नंतरही करता येईल.